चाळिशीतल्या नवशिक्यांना आधी पडायला शिकवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि त्याच सुमारास कराटे, ज्युदो, बॉक्सिंगच्या क्लासमध्ये मोठ्या माणसांच्या चौकशा सुरू होतात. ‘मुलीला सोडायला येतोच, मग मीही सुरू केलं तर चालेल का?’ हा नेहमीचा प्रश्न. चालेल, अगदी बेलाशक चालेल. पस्तिशी, पंचेचाळिशी आड येत नाही, प्रकृती धड असेल तर साठीही नाही. आड येते ती आपली शिकवण्याची पद्धत. आपल्याकडचे बहुतेक क्लास शाळकरी मुलांच्या मापाने बेतलेले असतात. बॅच संध्याकाळी पाच-सहाची, वॉर्म-अप मुलांच्या अंगाला मानवेल असा, दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा. त्या रांगेच्या टोकाला बेचाळीस वर्षांचा, ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा, दिवसभर खुर्चीत बसणारा गृहस्थ उभा केला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो गुडघा धरून घरी बसतो. ‘आता आपलं वय राहिलं नाही’ अशी स्वतःची समजूत घालतो आणि तो धडा तिथेच संपतो. यात वयाचा दोष थोडा आणि पहिल्या तीन महिन्यांच्या आखणीचा दोष जास्त. म्हणून या तीन महिन्यांविषयी आम्ही काही प्रशिक्षक मिळून हे पत्र लिहीत आहोत. तपशील महत्त्वाचे असल्याने ते लांबले आहे.

मोठ्या माणसाचा दम लवकर वाढतो. आठवड्यातून तीन दिवस घाम गाळला तर महिन्या-दीड महिन्यात फरक जाणवतो. स्नायूंनाही त्याहून फार जास्त वेळ लागत नाही. मागे राहतात ते टेंडन आणि लिगामेंट, म्हणजे स्नायू हाडाला आणि हाड हाडाला बांधून ठेवणारे दोर. त्यांना रक्त कमी मिळते, म्हणून ते सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने मजबूत होतात. सहाव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास माणसाला वाटते, आता जमले, दम लागत नाही, किक वर जाते. नेमका तेव्हाच तो जोर वाढवतो आणि टाचेमागची शीर, गुडघ्याच्या वाटीखालचा भाग नाहीतर कोपर बोलू लागते. पहिल्या दिवशी कोणी मोडत नाही, दुसऱ्या महिन्यात मोडतो. प्रशिक्षकाने लगाम हातात ठेवायचा तो या काळात. पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान दोन दिवसांची विश्रांती. तिसरा दिवस दुसऱ्या महिन्यात द्यावा. सराव करताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता यायला हवे. ते येत नसेल तर वेग जास्त झाला.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा, असे सगळेच सांगतात. त्यांच्याशी काय बोलायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. रक्तदाब मोजून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, जिना चढताना छातीत दडपण येत असेल, श्रमाने कधी भोवळ आली असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय क्लासात नाव घालू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामानंतर काही तासांनीही साखर घसरू शकते. संध्याकाळच्या क्लासला अनशापोटी येऊ नये, पिशवीत ग्लुकोज ठेवावा आणि ही गोष्ट प्रशिक्षकाच्या कानावर घालून ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी थ्रो (एकमेकांना फेकण्याचे डाव) आणि स्पॅरिंग (जोडीदाराशी लढतीचा सराव) या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. खांदा पूर्वी निखळला असेल, मणक्याची गादी सरकली असेल, तर ते फॉर्मवर लिहावे. पुष्कळ लोक ते लपवतात आणि मग पहिल्याच कोलांटीला बिंग फुटते. बाळंतपणानंतर येणाऱ्या बायकांनी उड्या आणि सिट-अप्स डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बाजूला ठेवाव्यात.

कोणता प्रकार निवडावा, यावर आमच्यातच एकमत नाही, पण ढोबळ विभागणी अशी. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो, किक-बॉक्सिंग हे मारण्याचे प्रकार. ज्युदो, कुस्ती, जिउ-जित्सू हे धरण्याचे. तायक्वांदोत लाथा उंच जातात, त्यामुळे मांडीच्या मागचा स्नायू आणि खुबा आखडलेल्यांना तो सुरुवातीला जड जातो. ज्युदोत बोटे, खांदा आणि गळपट्टीचे हाड जपावे लागते, पण पडण्याचे शिक्षण त्याच्याइतके चोख कुठेच नाही. जिउ-जित्सूत गुडघ्यावर बसून किंवा जमिनीवरच सुरुवात करता येते, म्हणून वजनदार माणसाला तो बरा. मात्र जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर थाप मारून ‘थांब’ म्हणण्याची, म्हणजे टॅप करण्याची, लाज वाटणारा माणूस तिथे सांधा दुखावून घेतो. नुसता घाम गाळायचा आणि मन मोकळे करायचे असेल तर पॅडवरचे बॉक्सिंग उत्तम, डोक्यावर ठोसे खाण्याची तिथे गरजच नाही. मातीतली कुस्ती चाळिशीत नव्याने सुरू करणे अवघड खरे, पण तालमीकडून घेण्यासारखे बरेच आहे. वस्ताद पोराला तालमीत आल्या आल्या फावडे देऊन कुस्तीच्या मातीचा हौद खणायला लावतात. त्यात अंगही तापते आणि दबून घट्ट झालेली मातीही मोकळी होते. वॉर्म-अप आणि पडण्याची गादी ही दोन्ही कामे एका फावड्यात होतात.

आता पडण्याविषयी. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, जुन्या जपानी जुजुत्सूतले घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि उकेमीला, म्हणजे पडण्याच्या तंत्राला, पायाचे स्थान दिले. १९६४ मध्ये ज्युदो ऑलिंपिकमध्ये गेला तरी पांढऱ्या पट्ट्याची सुरुवात तिथूनच होते. आपल्याकडे मात्र कराटे आणि किक-बॉक्सिंगचे कित्येक क्लास हा भाग गाळतात, कारण ‘आमच्यात फेकाफेकी नसते’. अहो, पाय उचलून लाथ मारणारा माणूस एका पायावर उभा असतो, तो पडणारच! पाय घसरला की हात मागे टेकवणे ही उपजत सवय. मुलाचे वजन पंचवीस किलो असते, त्याचे निभावते. ऐंशी किलोंचा माणूस ताठ हातावर पडला की मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड जाते. ही सवय सांगून मोडत नाही, ती अंगाकडून घोटून घ्यावी लागते.

मागे पडण्याची पहिली पायरी म्हणजे आधीच पाठीवर झोपलेले असणे. गुडघे वाकवलेले, हनुवटी छातीला टेकलेली, नजर पट्ट्याच्या गाठीवर. हात छातीसमोर एकमेकांवर आडवे. तिथून दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत एकाच वेळी मॅटवर आपटायचे, तळवे खाली, अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. हात खांद्याच्या रेषेत पसरले तर धक्का खांद्याच्या सांध्यात शिरतो. अगदी अंगालगत ठेवले तर ते पाठीखाली सापडतात किंवा कोपर बरगडीत बसते. आपटताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून पडले की पोटात धक्का बसतो आणि क्षणभर बोलतीच बंद होते. दोन आठवडे एवढेच करावे. मग बसून मागे लोळणे, मग उकिडवे बसून, आणि उभ्याने पडणे दुसऱ्या महिन्यात. प्रत्येक पायरीत एकच गोष्ट बघायची, डोके मॅटला लागले का? एकदा जरी लागले तरी एक पायरी खाली. एका दिवशी दहा-पंधरा वेळा पुरे. हनुवटी धरून ठेवण्याची सवय नसलेल्या मानेला तेवढ्यानेच दुसऱ्या दिवशी ठणका लागतो.

कुशीवर पडणे त्यानंतर. पुढची कोलांटी सगळ्यात शेवटी, आणि तीही एक गुडघा टेकून. अंग एका खांद्यावरून तिरके, विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत लोळले पाहिजे. शाळेत शिकलेली सरळ, डोक्यावरून जाणारी कोलांटी इथे चालत नाही. तिच्यात सगळे वजन मानेवर येते आणि मोठ्या माणसाची मान ते सोसत नाही. हे सगळे नीट शिकलेला माणूस पुढे क्लास सोडून गेला तरी ओल्या न्हाणीघरात किंवा चिखलात गाडी घसरल्यावर त्याचा हात आपोआप आवरला जातो. आमच्या मते पहिल्या तीन महिन्यांच्या फीत याहून मोलाचे काही मिळत नाही.

हे सगळे फरशीवर शिकवू नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. एकमेकांत अडकवायच्या चौकोनी मॅट सगळीकडे मिळतात. नुसत्या कराटेच्या सरावाला २० ते २५ मिलिमीटर जाडी चालते, थ्रो शिकवायचे तर ४० मिलिमीटर हवी. नवख्याने क्लास बघायला गेल्यावर मॅटवर टाच जोरात दाबून बघावी. खालची फरशी टाचेला कळली तर तिथे थ्रोचा क्लास लावू नये. सांधे उघडे पडलेत का, तेही बघा. त्या फटीत पायाचे बोट अडकून मागे वळते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सकाळच्या बॅचला पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप द्यावा, आणि तो पळून-उड्या मारून उरकू नये. आधी चालणे, सांधे फिरवणे, हलक्या बैठका, मग सावली-सराव, म्हणजे हवेतल्या हवेत ठोसे-लाथा. दोरीवरच्या उड्या तर आणखी जपून. पहिल्याच दिवशी ‘तीनशे मारा’ म्हटले की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड होतात. अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट थांबणे, असे पाच-सहा फेरे सुरुवातीला पुरेत, तेही मॅटवर किंवा लाकडी जमिनीवर.

एका प्रथेवर आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. पाय फाकवून बसवायचे आणि मागून दुसऱ्याने पाठीवर रेटा द्यायचा, किंवा भिंतीला पाठ लावून दोघांनी दोन पाय ओढायचे, हा प्रकार मोठ्या माणसांवर ताबडतोब बंद झाला पाहिजे. लवचीकता अशी येत नाही. मांडीच्या मागचा स्नायू बसण्याच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे तो फाटतो आणि बरा व्हायला महिनेच्या महिने घेतो. तोवर माणसाला खुर्चीत बसणेही नकोसे होते. स्ट्रेचिंग सरावाच्या शेवटी, अंग गरम असताना, स्वतःच्या ताब्यात, अर्धा मिनिट स्थिर धरून करावे, झटके न देता. आणखी एक खूळ म्हणजे फरशीवर मुठींनी जोर मारणे, भिंतीवर ठोसे मारून ‘हाड पक्के करणे’ आणि गॅदरिंगला कौले फोडणे. पांढऱ्या पट्ट्याच्या चाळिशीतल्या माणसाला यातल्या एकाचीही गरज नाही. हे सगळे टाळ्यांसाठी असते.

लाथेत गुडघा का जातो, ते समजून घ्यावे. कराटेतली मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ. बघणाऱ्याचे लक्ष वर गेलेल्या पायाकडे असते, बिघडते ते जमिनीवरच्या पायाशी. कंबर फिरते तेव्हा उभा पायही चवड्यावर फिरला पाहिजे, इतका की टाच समोरच्याच्या दिशेला यावी. रबरी मॅटवर घामेजलेला अनवाणी पाय चिकटतो. मग कंबर वळते, मांडी वळते, पाऊल जागच्या जागी राहते आणि मधला गुडघा पिळला जातो. म्हणून आधी लाथ न मारता नुसते वळण घोटायचे. भिंतीला हात टेकवून गुडघा उचलायचा, चवड्यावर वळायचे, परत यायचे, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. पाऊल सहज फिरू लागल्यावरच लाथ, आणि पहिले तीन महिने उंची मांडी किंवा फार तर कमरेपर्यंत. समोर मारायच्या माए गेरीत बोटे मागे ओढून चवडा पुढे काढायचा. बोटे सैल राहिली तर अंगठा दुमडतो. हवेत लाथ मारताना गुडघा पूर्ण ताठ करून झटका देऊ नये. पॅडवर ती शक्ती पॅड घेतो, हवेत ती गुडघ्याच्या मागे साचते आणि घरी जिना उतरताना कळते. झेनकुत्सू दाचीसारखा लांब पवित्राही मोठ्या माणसाला आखूड करून द्यावा. पुढचा गुडघा आत न पडता पायाच्या बोटांच्या दिशेने राहील तेवढीच लांबी त्याची. पुस्तकातले माप दोन वर्षांनी बघू.

ठोसा दिसायला सोपा, पण हात मोडतो तो इथे. बोटे घट्ट दुमडायची, अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुठीच्या आत कधीच नाही. मार पहिल्या दोन गाठींनी लागायचा, मनगट हाताच्या रेषेत सरळ. नवखा माणूस हात फेकून मारतो, मग करंगळीची गाठ आधी लागते आणि तिच्यामागचे तळहातातले हाड मोडते. हे इतके सर्रास होते की इंग्रजी वैद्यकात त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचेच नाव मिळाले आहे. म्हणून ग्लोव्हजच्या आत बँडेज गुंडाळलेच पाहिजे. दुकानात अडीच मीटरची आणि साडेचार मीटरची अशी दोन्ही मिळतात. मोठ्या हाताला साडेचारचीच घ्या. अंगठ्यात फास अडकवायचा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्यायची. बोटे पसरलेली ठेवून मनगटाला तीन वेढे, गाठींवर तीन वेढे, मग करंगळीकडून सुरुवात करून बोटांच्या तिन्ही बेचक्यांतून एकेक फेरा, प्रत्येक वेळी मनगटाकडे परत. अंगठ्याला एक वेढा, उरलेली पट्टी गाठींवर आणि शेवट मनगटावर. मूठ वळल्यावर घट्ट वाटली पाहिजे आणि उघडल्यावर सैल. बोटांची टोके गार किंवा निळसर पडू लागली तर सोडून पुन्हा बांधा. पहिल्या दहा-बारा वेळा हे वेडेवाकडे होते, होऊ द्यावे, पण प्रशिक्षकाने आयते बांधून देऊ नये.

ग्लोव्हज पॅड आणि बॅगसाठी १२ औंसाचे घ्यावेत, वजनदार माणसाने १४. जोडीदाराशी स्पॅरिंगची वेळ येईल तेव्हा १६. वापरल्यावर तोंड उघडे ठेवून हवेशीर जागी वाळवावेत. गाडीच्या डिकीत कोंबले की आठवड्यात असा वास सुटतो की ते घरात कोणी ठेवू देत नाही. बॅग घरी टांगायची असेल तर तिच्यात नुसती वाळू भरू नका. वाळू रोजच्या माराने खाली बसते आणि खालची फूटभर बॅग खडकासारखी कडक होते. लाथ नेमकी तिथेच बसते. शिंप्याकडच्या चिंध्या दाबून भराव्यात. वजन हवेच असेल तर वाळूच्या छोट्या पिशव्या घट्ट बांधून चिंध्यांच्या मधोमध ठेवाव्यात. बॅगचे एकूण वजन आपल्या वजनाच्या साधारण निम्मे असावे. त्याहून फार हलकी बॅग झोके घेत राहते, फार जड असली तर मनगट परत मार खाते. पंख्याच्या हुकाला ती टांगू नये, हेही सांगून ठेवतो.

स्पॅरिंग पहिल्या तीन महिन्यांत नको. नंतर सुरू कराल तेव्हा दातांचे गार्ड, पुरुषांना जांघेचे, स्त्रियांना हवे तर छातीचे. डोक्याला हात न लावता, प्रशिक्षक समोर उभा असताना, दोन मिनिटांचे फेरे. चष्मा लागणाऱ्यांनी चष्मा काढून अंदाजाने खेळू नये. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्यात किंवा स्पॅरिंग सोडून द्यावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला असणाऱ्यांनी रात्रपाळी करून आलेल्या दिवशी जोडीदाराशी खेळू नये, झोप झाली नसेल तर हात उशिरा वर येतो. आणि डोक्याला मार बसून चक्कर, मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा विसरल्यासारखे काही जाणवले तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबला. पाणी मारून पुन्हा उभे करायचे नाही. अशा माणसाला स्वतः दुचाकी चालवत घरी जाऊ देऊ नका. सोबत कोणी द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा.

धरण्याच्या खेळांत गजकर्ण पसरते, आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. चट्टा दिसला की औषधाच्या दुकानातून कुठले तरी मलम आणून लावले जाते. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड मिसळलेले असते, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगेपर्यंत मॅटवर उतरू नये. नखे कापलेली, अंगठी-कडे-दोरे काढलेले, गणवेश प्रत्येक वेळी धुतलेला, चपला मॅटच्या कडेपर्यंत पायात. शौचालयात अनवाणी जाऊन तसेच मॅटवर येणारे महाभाग प्रत्येक क्लासात एक-दोन असतात, त्यांना हटकायला सरांनी संकोचू नये.

पैशांचे आधीच विचारून घ्यावे. महिन्याची फी एक बाब; गणवेश, परीक्षा, शिबिर, स्पर्धा, प्रमाणपत्र या वेगळ्या. मोठ्या माणसाला दर तीन-चार महिन्यांनी रंग बदलायची गरज नसते, त्याने परीक्षा नको म्हटली तर क्लासने तोंड वाकडे करू नये. एका वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्याच्या दारातून तसेच मागे फिरावे. नियमित सरावाला तीन-चार वर्षे सहज लागतात, आणि पहिला ‘दान’, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली श्रेणी, मिळाला की पाया पुरा झाला, एवढाच त्याचा अर्थ. कराटेचा पातळ गणवेश घालून ज्युदोला जाऊ नका, पहिल्या झटक्याला कॉलर हातात येते. ज्युदोचे जाकीट जाड विणीचे असते ते उगीच नव्हे. आणि एक-दोन क्लास फुकट बघू देत नाही, अशी जागा असेल तर ती सोडून द्या. बघताना शिकवणाऱ्याच्या लाथा बघू नका. रांगेतला सगळ्यात जाड आणि सगळ्यात मागे पडलेला माणूस बघा. त्याच्याकडे कोणी जाते का, त्याला वेगळे काही करायला देते का?

महिलांसाठी दोन दिवसांच्या स्वसंरक्षण कार्यशाळा होतात. त्यात ओरडणे, मनगट सोडवणे, अंतर राखणे, पळण्याची वाट हेरणे एवढे नीट शिकवले तरी भरपूर. डोळ्यात बोटे घालण्याचे पंधरा प्रकार दोन दिवसांत कोणाच्याही अंगी बाणत नाहीत. कायद्याचे दोन शब्द तिथे जरूर सांगावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. तो बचावापुरताच, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. धोका टळल्यावर पळणाऱ्याला गाठून चोपले तर तो बचाव राहत नाही. हे पुरुषांच्या बॅचलाही तितकेच ऐकवावे, किंबहुना त्यांना आधी.

शेवटी महापालिका, क्रीडा विभाग आणि आमच्या व्यवसायबंधूंना विनंती. नोकरी-धंदा करणारा माणूस संध्याकाळी सहाला मोकळा नसतो. सातपूर, सिडको, नाशिकरोड, पंचवटी या प्रत्येक भागात प्रौढ नवशिक्यांसाठी रात्री आठ ते साडेनऊची निदान एक बॅच असावी, आठवड्यातून दोन दिवस, एका प्रशिक्षकामागे बारा-पंधरांपेक्षा जास्त माणसे नकोत. प्रभागांतली समाजमंदिरे आणि पालिकेच्या व्यायामशाळांचे हॉल या वेळेला द्यावेत आणि पंचवटीतल्या मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलातही अशी वेळ राखून ठेवावी. ४० मिलिमीटरच्या मॅट एकदा घेतल्या की त्या बरीच वर्षे टिकतात. फक्त त्या लग्नाच्या पंगतीला अंथरायला देऊ नयेत आणि हॉलची किल्ली कोणाकडे आहे, ते दारावर लिहिलेले असावे.

आपले,
नाशिकमधील काही कराटे, ज्युदो व बॉक्सिंग प्रशिक्षक